रेंज फुल, नेट मात्र बंद: रात्री बारा वाजता मागे काय चालतं?

गोदाकाठ (शनिवार, संध्याकाळी ७:४०)

गेल्या आठवड्यात गंगाखेडला घरी होतो. पुतण्या लातूरला नीटच्या क्लासला असतो, तोही आला होता. रात्री साडेअकराला त्याचा दिवसाचा दीड जीबी संपला, नेट ६४ केबीपीएसवर आलं आणि भौतिकशास्त्राचं लेक्चर अर्ध्यात गोल गोल फिरायला लागलं. "काका, बारा वाजू दे, नवा डेटा येतो" म्हणून तो उशाला फोन घेऊन बसला. बारा वाजले, सव्वाबारा झाले. रेंजच्या दांड्या सगळ्या भरलेल्या, पण पान उघडेना. आई म्हणाली टॉवर बिघडला. शेजारचे म्हणाले आमचंही तसंच. मी त्याला फोन फ्लाइट मोडवर टाकून परत काढायला सांगितला. दहा सेकंदांत लेक्चर सुरू. चौदा वर्षं या धंद्यात आहे, आईला मी इंजिनिअर असल्याची खात्री त्या रात्री पटली.

ही युक्ती पोराटोरांनाही माहीत आहे. ती चालते कामून, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मी पुण्यात मोबाइलच्या कोअर नेटवर्कवर काम करतो. टॉवरवर कधी चढलो नाही, टॉवरच्या मागे जे असतं ते माझं काम.

रेंज म्हणजे तुमचा फोन आणि टॉवर यांच्यातला रेडिओचा संबंध, बस. तुमच्या डेटाचं लहानसं पुडकं, म्हणजे पॅकेट, तिथून पुढे एका गेटवेपर्यंत जातं आणि तिथून इंटरनेटवर. त्या गेटवेत एक दरवान बसलेला असतो, त्याला पीसीईएफ म्हणतात. दरवान स्वतः काही ठरवत नाही. तुमचा फोन जोडला गेला की तो दोन ठिकाणी विचारतो. एक, पीसीआरएफ नावाच्या नियमवाल्याला: "हा ग्राहक आलाय, याला कोणत्या वेगाने, कोणत्या अटींवर सोडू?" त्या रस्त्याला जीएक्स म्हणतात. दोन, ओसीएस नावाच्या वहीवाल्याला: "याच्या नावावर काही शिल्लक आहे का, किती देऊ?" तो रस्ता जीवाय.

दोन्ही रस्त्यांवर बोलायची भाषा एकच, डायमीटर. याआधीच्या भाषेचं नाव होतं रेडियस, म्हणजे त्रिज्या. पुढची आली तिचं नाव ठेवलं व्यास, त्रिज्येच्या दुप्पट. इंजिनिअरांचा विनोद असा असतो आणि तो २००३ साली आरएफसी ३५८८ म्हणून प्रमाणित होतो. (२०१२ला त्याची सुधारित आवृत्ती ६७३३ आली. विनोद तसाच ठेवला.)

बोलणं थोडक्यात असं: दरवान सीसीआर नावाची विचारणा पाठवतो, उत्तर सीसीए येतं. सीसीआर तीन तऱ्हेचे, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. नियमवाल्याला स्वतःहून काही बदलायचं असेल तर तो दरवानाला आरएआर पाठवतो, म्हणजे "ऐक, नियम बदलला."

आता पुतण्याकडे या. दीड जीबी भरला तेव्हा दरवानाने कळवलं आणि नियमवाल्याने ६४ केबीपीएसचा नियम लावला. बारा वाजता तो उठायला हवा. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली, नियम देतानाच सांगून ठेवायचं की अमुक वाजता मला पुन्हा विचार. याला रीव्हॅलिडेशन टाइम म्हणतात. दुसरी, बारा वाजता नियमवाल्याने स्वतः आरएआर ढकलायचा. यातला निरोप वाटेत अडकला, उशिरा गेला किंवा उत्तरात नकार आला, तर दरवान जुनाच नियम प्रामाणिकपणे पाळत बसतो. फ्लाइट मोड केला की सेशनच, म्हणजे ती चालू जोडणीच, बंद होतं, शेवटचा सीसीआर जातो. फोन परत जोडला की सुरुवातीचा सीसीआर जातो आणि नियमवाला कोऱ्या पाटीवर ताजा नियम लिहून देतो.

टॉवरचा यात काडीचा संबंध नव्हता. बिचारा शिव्या खातो.

तिरकस_परळीकर (शनिवार, रात्री ८:०५)

मालक, लिवलंय झकास. पर आमच्या इकडं लाईट गेली की अर्ध्या तासात रेंजच जाती, तवा तुमचा पीसीआरएफ काय करायलाय? टॉवरच्या बॅटऱ्या मेल्यात. जनरेटर हाय, डिझेल न्हाई. परळीत थर्मल, राख आमच्या घरात, अन् लाईट आमचीच जाती. टॉवर बिचारा म्हणू नका, लै पाजी हाय त्यो.

गोदाकाठ (शनिवार, रात्री ८:२१)

मान्य. रेंजच गेली तर तो टॉवरचाच दोष, त्यात माझं काही म्हणणं नाही. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडलं तर तेही वेगळं प्रकरण. तेव्हा कॉलही लागत नाही आणि त्या टॉवरवरच्या सगळ्यांचंच बंद असतं. रेंज फुल, कॉल लागतोय, फक्त नेट मेलंय, अशा वेळी मागच्या वहीकडे बघायचं. शेजाऱ्याला साक्षीला धरायचं असेल तर पोस्टपेडवाला धरा. प्रीपेडवाला बारा वाजता तुमच्यासारखाच अडकलेला असतो. आमच्या शेजाऱ्यांचं तेच झालं होतं.

पाटकरी (शनिवार, रात्री ९:१४)

मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. मोबाइलमधलं फार कळत नाही, पण हे वाचून हसू आलं. हा तर आमचाच कारभार आहे.

शेतकरी नमुना ७ भरून पाणी मागतो. कार्यालय शेजपाळीचा कागद काढतं: अमक्या चारीवर, अमक्या वारी, अमक्याचं इतके तास. तो कागद म्हणजे तुमचा जीएक्सचा नियम. चारीवर दार उघडणारा माणूस म्हणजे दरवान. पाणीपट्टीची वही वेगळ्या टेबलावर, थकबाकी असली की तिथून नकार. दार उघडणाऱ्याच्या खिशात मागच्या पाळीचा कागद राहिला तर तो मागच्या पाळीप्रमाणेच दार उघडतो. लोक मात्र त्याच्या नावाने ओरडतात. आम्हीही पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, म्हणून तुमच्या दरवानाबद्दल आपुलकी वाटली.

गोदाकाठ (शनिवार, रात्री ९:४८)

काका, आमच्या क्लासरूम ट्रेनिंगपेक्षा तुमचं चार ओळीत जास्त समजतं. एकच फरक. तुमच्याकडे पिकाचं क्षेत्र बघून पट्टी लावायचे, पाणी आधी गेलेलं असायचं. प्रीपेडमध्ये उलटं आहे. थेंब सोडायच्या आधी त्याचा हिशेब बाजूला काढून ठेवावा लागतो. सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

मांजरातीर (शनिवार, रात्री १०:०२)

माझा साधा प्रश्न. पॅक दीड जीबीचा. फोन दाखवतो १.४६ वापरला, कंपनीचा एसएमएस म्हणतो १०० टक्के संपला. दुसऱ्या दिवशी उलटं, फोन म्हणतो १.५४. खरं कोण बोलतंय? मी लातूरची आहे, पाण्याच्या हिशेबात आम्हाला कोणी फसवू शकत नाही, डेटाच्या हिशेबात रोज फसते.

गोदाकाठ (शनिवार, रात्री १०:५०)

ताई, लातूरच्या म्हणालात, तर तिथलंच घेतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. ते पाणी पुढे टँकरने वाटलं गेलं. टँकरवाला एका घराला सगळं पाणी एकदम देत नाही. आधी दोन हंडे, ते रिकामे करून आणा, मग पुढचे दोन. वहीवाला हेच करतो. तुमचा दीड जीबी तो दरवानाच्या हातात एकदम देत नाही, छोटा तुकडा देतो. तुकडा केवढा हे कंपनी ठरवते. तो तुकडा तुमच्या शिलकीतून बाजूला काढलेला असतो, पण खर्ची पडलेला नसतो. दरवान तो वापरत जातो आणि संपत आला की मधला सीसीआर पाठवतो: "इतका वापरला, पुढचा द्या." पूर्ण संपायची वाट बघत बसला तर तुमचा व्हिडिओ अडकेल. म्हणून तळाला थोडा शिल्लक असतानाच मागायचं असं ठरवून देता येतं.

फोन बराच वेळ नुसताच पडून असला तर दरवानाने न वापरलेला तुकडा परत करायचा, त्याचीही वेळ ठरलेली असते. आणि दरवानच कोसळला, शेवटचा सीसीआर गेलाच नाही, तर? तो तुकडा अधांतरी राहतो. ना तुमचा, ना खर्ची. वहीवाल्याकडे यासाठी एक घड्याळ असतं. तुकड्याला जी मुदत दिली तिच्या दुप्पट वेळ वाट बघायची आणि मग सेशन मेलं असं समजून हिशेब मिटवायचा, असं प्रमाणातच (स्टँडर्डमध्ये) लिहिलं आहे. बॅलन्स "मध्येच कमी दिसतो आणि नंतर आपोआप बरोबर होतो" अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल, तिच्यामागे बहुधा हे असतं.

आता तुमचा १.४६ आणि १.५४. मोजणारे दोन आहेत, दोन जागी बसलेत. कंपनी गेटवेवर मोजते, फोन फोनमध्ये मोजतो. गेटवेतून निघालेलं पॅकेट रेडिओवर हरवलं तर कंपनीच्या वहीत ते चढलेलं असतं, तुमच्या फोनला त्याचा पत्ताच नसतो. फोनचा आकडा कमी येतो तेव्हा हे एक कारण. जास्त येतो तेव्हा बघा, फोनचा दिवस आणि पॅकचा दिवस एकाच वेळी सुरू होतो का. जीबी १००० चा की १०२४ चा, हा घोळ आहेच. आणि मर्यादा गाठल्याची वर्दी दरवानाकडून नियमवाल्याकडे जाऊन ६४चा नियम परत येईपर्यंत पाणी काही थांबत नाही. तेवढ्या वेळात पूर्ण वेगाने जे सुटलं ते सुटलं.

पाटकरी (शनिवार, रात्री ११:०३)

म्हणजे मधल्या गळतीची पट्टी शेतकऱ्याच्या माथी. हेही आमच्यासारखंच. कालव्याच्या मुखाशी मोजलेलं आणि टेलच्या शेतात पोचलेलं, यांचा मेळ मी नोकरीत कधी बघितला नाही.

उदगीरची_लेक (रविवार, सकाळी ९:३०)

धागा छान चाललाय, पण गोदाकाठ, तुम्ही डेटावाले लोक कॉलचं नेहमी विसरता. मी हैदराबादला व्होल्टेवर, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या कॉलवर, काम करते. माझ्या मते या सगळ्या कारभारातला सगळ्यात देखणा भाग कॉलचाच आहे.

आधी सगळ्यांना एक विचारते. तुमचं नेट ६४वर आलं की व्हॉट्सअॅप कॉल तुटक येतो, पण साधा कॉल खणखणीत लागतो. दोन्ही एकाच टॉवरवरून, दोन्ही पॅकेटच. मग असं कामून?

कारण साधा कॉल वेगळ्या वाटेने जातो. फोन चालू झाला की दोन जोडण्या होतात, एक इंटरनेटची, एक आयएमएसची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कॉल यंत्रणेची. ६४चं बंधन इंटरनेटच्या जोडणीवर आहे. वाटांना वर्ग आहेत, त्यांना क्यूसीआय म्हणतात. इंटरनेट बहुतेक ठिकाणी ९ नंबरच्या वर्गात, सगळ्यात मागे. कॉल जुळवण्याचे निरोप ५ नंबरच्या वर्गात. प्रत्यक्ष आवाज १ नंबरच्या वर्गात, आणि त्याला ठरलेल्या वेगाची हमी. पॅकेट पोचवायला क्यूसीआय १ला १०० मिलिसेकंदांची मुदत, ९ला ३००.

ही १ नंबरची वाट कायम उघडी नसते. तुम्ही हिरवं बटण दाबलं की ती त्या कॉलपुरती बांधली जाते. तुमचा निरोप पी-सीएससीएफपर्यंत, म्हणजे आयएमएसच्या पहिल्या दारापर्यंत, पोचतो. तो पीसीआरएफला विचारतो: "या आयपी पत्त्यावर आवाजाचा कॉल होतोय, वाट द्या." हा आरएक्सचा रस्ता, निरोपाचं नाव एएआर. पीसीआरएफ त्या पत्त्याचं जीएक्स सेशन शोधतो, दरवानाला आरएआर पाठवतो, दरवान टॉवरपर्यंत वाट बांधून घेतो. फोन ठेवला की एसटीआर जातो आणि वाट मोडली जाते. बालाघाटच्या वळणात रेडिओ तुटला तर उलट दिशेने: दरवान कळवतो वाट गेली, पीसीआरएफ पी-सीएससीएफला एएसआर देतो, कॉल संपतो. यातलं वाट बांधायचं काम रिंग वाजायच्या आत उरकतं.

आता माझा एक अनुभव. एका कंपनीत (नाव घेणार नाही) तक्रार आली, काही लोकांचे कॉल लागतच नाहीत, बाकीच्यांचे लागतात. तोच टॉवर, तेच हँडसेट. सगळे आठवडाभर रेडिओवाल्यांच्या मागे लागले. रात्रपाळीत मी आरएक्सचा ट्रेस, म्हणजे निरोपांची नोंद, उघडला तर उत्तरात ५०६५. म्हणजे "असं सेशन माझ्याकडे नाही." पीसीआरएफ एकच नव्हता, दोन होते. ग्राहकाचं जीएक्स सेशन पहिल्याकडे, कॉलचा एएआर मात्र जात होता दुसऱ्याकडे. कोणाचं सेशन कुठल्या पीसीआरएफकडे आहे हे लक्षात ठेवायचं काम डीआरए नावाच्या पोस्टमनचं. त्याच्या यादीत काही पत्ते जुने राहिले होते. दुसरा पीसीआरएफ खरंच सांगत होता की मी याला ओळखत नाही. यादी साफ केली, कॉल सुरू. रेडिओवाल्यांची कोणी माफी मागितली नाही.

आणि हो, फ्लाइट मोडची युक्ती सगळ्या गावाला सांगू नका. बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी ती केली की जोडण्या तोडायचा आणि परत जोडायचा लोंढा आमच्याकडेच येतो.

तिरकस_परळीकर (रविवार, सकाळी ९:५२)

ताई, म्हंजी तुमचा पोस्टमन पत्ता चुकला अन् आठ दिवस टॉवरवाल्याला हाणलं? मग माझा टॉवर पाजी हाय ही मी माघारी घेतो. अर्धी.

मांजरातीर (रविवार, सकाळी १०:१५)

मग कंपनीने व्हॉट्सअॅप कॉललाही १ नंबरची वाट का देऊ नये? आणि पूर्वी फक्त व्हॉट्सअॅपचा पॅक मिळायचा, तो कुठे गेला?

गोदाकाठ (रविवार, सकाळी ११:४०)

पॅकचं आधी. कोणतं पॅकेट कोणत्या अॅपचं हे गेटवेवर ओळखून त्याला वेगळा रेटिंग ग्रुप लावायचा, म्हणजे वहीत वेगळं पान. व्हॉट्सअॅपचं पान वेगळ्या दराचं, बाकी सगळं दुसऱ्या पानावर. यंत्रणेला हे सहज जमतं, आजही जमतं. पण ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मजकूर बघून डेटाचा दर वेगळा लावायला मनाई केली. तेव्हापासून आपल्याकडे तसे पॅक बंद. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, नियमवाल्याला काय येतं आणि त्याला काय करू दिलं जातं, या दोन गोष्टी वेगळ्या वाचा.

१ नंबरच्या वाटेचं उत्तर उदगीरच्या ताईंच्या लिहिण्यातच आहे. ती वाट मागायला आरएक्सवर कोणीतरी ओळखीचं लागतं. कंपनीचा स्वतःचा पी-सीएससीएफ ते मागतो. बाहेरच्या अॅपचा कॉल दरवानाला इतर पॅकेटांसारखाच दिसतो.

हिशेबनीस (रविवार, दुपारी १:१०)

मी जालन्यात हिशेब तपासतो, म्हणून वहीवाल्याबद्दलच विचारणार. तुम्ही सगळं निरोपांचं सांगितलं. वहीवाल्याने उत्तरच दिलं नाही तर? माणूस जेवायला गेला, वही कुलपात. दरवान काय करतो?

गोदाकाठ (रविवार, दुपारी २:३५)

याच प्रश्नावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात.

दरवान वाट बघतो. प्रमाणात सुचवलेला वेळ १० सेकंद आहे. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर काय करायचं, याची एक सूचना आधीच देऊन ठेवलेली असते. तिचे तीन पर्याय. तोड: ग्राहकाला बंद कर. चालू ठेव: ग्राहकाला जाऊ दे, हिशेबाचं नंतर बघू. तिसरा: दुसऱ्या वहीवाल्याला विचार, तिथेही उत्तर नाही तर तोड. काहीच सांगितलं नसेल तर तोड, असं प्रमाण म्हणतं.

माझं मत स्पष्ट आहे, चालू ठेवावं. पैसे आधीच भरलेल्या माणसाला आपली वही सापडत नाही म्हणून दारात उभं करायचं नाही. मीटिंगमध्ये हे बोललो की वित्त विभागवाले माझ्याकडे असे बघतात जणू मी तिजोरीची किल्ली वाटतोय.

हिशेबनीस (रविवार, दुपारी ३:०२)

मी त्यांच्याच बाजूचा. ज्याची शिलकी शून्य आहे तोही त्याच दारातून आत जाईल. तुम्ही "हिशेबाचं नंतर बघू" म्हणता, पण ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत त्याच्याकडून नंतर काय बघणार? प्रीपेडचा अर्थच नंतर बघायचं नाही असा आहे. शिवाय वही तासभर बंद राहिली तर तासभराचा फुकट डेटा. मी तो ताळेबंदात कुठल्या रकान्यात टाकू?

उदगीरची_लेक (रविवार, दुपारी ३:४०)

दोघांचंही एका गोष्टीकडे लक्ष नाही. तोटा कोणाचा हे भांडण वही बंद असेपर्यंतचं. खरं संकट वही परत उघडते तेव्हा येतं. "तोड" लावलं असेल तर सगळ्यांचे फोन परत जोडायला धावतात. "चालू ठेव" लावलं असेल तर सगळे दरवान साठलेला हिशेब एकदम आणून टाकतात. नुकती उठलेली वही ३००४ म्हणते, म्हणजे "मी फार कामात आहे", आणि परत झोपते. मग परत सगळे धावतात. मी हे पहाटेपर्यंत चाललेलं बघितलंय.

गोदाकाठ (रविवार, दुपारी ४:२०)

ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. हिशेबनीस, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मधला मार्ग असा की फुकटची मर्यादाच लहान ठेवायची, ठरावीक वेळ किंवा ठरावीक एमबी, आणि मग तोडायचं. काही ठिकाणी तसं करतात. तुमच्या रकान्याचं तुम्हीच बघा.

लोंढ्यावरून माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांतली. रोजच्या पॅकची नवी योजना सुरू होत होती, नियम लिहायचं काम माझ्याकडे. मी रीव्हॅलिडेशन टाइम लिहिला रात्री १२:००:००, सगळ्यांना. मला वाटलं किती नीटनेटकं. चाचणीत दहा सिम होती, दहाही झकास चालली. पहिल्या खऱ्या रात्री बाराच्या ठोक्याला प्रत्येक गेटवेवरचं प्रत्येक सेशन एकाच सेकंदाला विचारायला आलं, "आता नियम काय?" पीसीआरएफचा सीपीयूचा आलेख भिंतीसारखा सरळ वर गेला. उत्तरं उशिरा, म्हणून दरवानांनी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं म्हणून उत्तरं आणखी उशिरा.

इलाज अगदी गावठी होता. सगळ्यांना एकच वेळ न देता प्रत्येकाला बारानंतरची थोडी वेगळी वेळ द्यायची, काही मिनिटांत पसरवून. म्हणजे कोणाला १२:००:४०, कोणाला १२:०३:१५. पुतण्याचा सव्वाबाराचा उशीर यात बसत नाही, तिथे निरोप अडकलाच असणार. पण बारा वाजून दोन-तीन मिनिटं नेट आलं नाही, तर तो दर वेळी बिघाड असतो असं नाही. कोणीतरी मुद्दाम रांग लावलेली असू शकते.

पाटकरी (रविवार, दुपारी ४:५५)

एकाच वेळी सगळी दारं उघडली तर चारी फुटते. म्हणून तर शेजपाळी असते. दहा सिमवर चाचणी घेऊन कालवा सोडणारा साहेब आम्हालाही भेटला होता.

नांदेडचा_पोरगा (रविवार, संध्याकाळी ६:१०)

सर, मॅडम, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात डायमीटर अर्ध्या पानात संपतो. हे हाताने करून बघायचं तर कंपनीत लागल्याशिवाय जमत नाही का? आणि ५जीत हे सगळं जुनं झालं असं एक सीनियर म्हणत होता.

उदगीरची_लेक (रविवार, संध्याकाळी ६:४५)

जमतं. ओपन५जीएस हे कोअर नेटवर्कचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लिनक्सच्या साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यात पीसीआरएफ आहे. सोबत वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव. फोन किंवा सिम्युलेटर जोड आणि डायमीटरची पॅकेटं बघ. सगळं वाचायला जाऊ नकोस, पहिल्या आठवड्यात दोनच कमांड कोड (निरोपांचे क्रमांक) शोध: २७२ म्हणजे सीसीआर-सीसीए, २५८ म्हणजे आरएआर-आरएए. एका सेशन आयडीचा धागा पकड. विनंतीचा क्रमांक शून्यापासून कसा वाढत जातो ते बघ, शेवटचा सीसीआर येतो का ते बघ. उत्तरात २००१ म्हणजे सगळं ठीक, ४०१२ म्हणजे शिलकी संपली. मग मुद्दाम पीसीआरएफ बंद कर आणि काय होतं ते वहीत लिहून ठेव. मुलाखतीत मी हेच विचारते.

गोदाकाठ (रविवार, संध्याकाळी ७:२०)

५जीचं: पीसीआरएफचा पीसीएफ झाला, वहीवाल्याचा सीएचएफ, डायमीटर जाऊन वेबवाल्यांची भाषा, एचटीटीपी/२ आणि जेसन, आली. जीएक्सच्या जागी एन७, जीवायच्या जागी एन४०. माणसं तीच, कपडे नवे. शिवाय ज्यांचं ५जी नॉन-स्टँडअलोन आहे त्यांच्याकडे मागचा कारभार ४जीचाच, म्हणजे जीएक्सच. सीनियरला म्हणावं, अजून बरीच वर्षं पगार डायमीटरच देणार आहे.

आता एक खेळ करूया. ज्यांचा रोजचा पॅक आहे आणि आज तो संपलाय त्यांनी रात्री बाराला फ्लाइट मोड न करता नुसती वाट बघायची. किती वाजता वेग परत आला ते इथे लिहा.

मांजरातीर (रात्री १२:०४)

लातूर. १२:०२ला आला. तोवर कॉल लावून बघितला, खणखणीत.

नांदेडचा_पोरगा (रात्री १२:०९)

१२:०७. मध्ये एकदा फ्लाइट मोडला हात गेला होता, मॅडम आठवल्या.

हिशेबनीस (रात्री १२:१२)

माझं पोस्टपेड आहे, त्यामुळे साक्षीदार म्हणून बसलोय. जालन्यात रात्रभर चालू. फोनवर आज ०.९ जीबी, उद्या कंपनीच्या आकड्याशी ताडून बघतो.

तिरकस_परळीकर (रात्री १२:५८)

१२:०३ला आलं. १२:०५ला लाईट गेली. १२:३५ला रेंज गेली. आता वायफायवाल्या पाव्हण्याच्या गच्चीवरून लिवायलोय, त्याच्याकडं इन्व्हर्टर हाय. ताई, ती अर्धी माघारी घेतलेली परत द्या.